उघड्या डोळ्यांनी घाट

चाळीस वर्षांच्या संसारात आईने एकही घाट पाहिला नव्हता. पार मात्र सगळे केले होते, खंबाटकी, पसरणी, आंबेनळी. तिला गाडी लागते. म्हणजे थोडीथोडकी नाही, कात्रजचा चढ सुरू झाला की तिचा चेहरा उतरायचा. मग डोळे गच्च मिटून, नाकाशी लिंबू धरून, तोंडात आवळासुपारी ठेवून बाईसाहेब बसायच्या त्या थेट मुक्कामाला डोळे उघडायच्या. बाबा गाडी चालवता चालवता तिची टिंगल करायचे. 'बाहेर काय सुंदर आहे, पण तुझं आपलं ध्यान लागलंय,' असं प्रत्येक घाटात एकदा तरी ऐकायला मिळायचं.

यंदा पावसाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली. पट्टी सुटल्यावर चार दिवस ती घरातली धूळच बघत होती आणि माझ्यावर तोंडसुख घेत होती. पाचव्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "मला एकदा घाट बघायचाय. झोपून नाही, नीट बघायचाय."

तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मी लगेच मोबाइल उघडून बसले. ताम्हिणी जवळ पडतो, फोटो तर एकाहून एक सरस. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रविवारी तिथे अर्धं पुणं असतं, आईला घाट दाखवायचाय की नंबरप्लेटी, असं त्यांनी विचारलं. बरं, मग आंबेनळी? त्याच्या वळणांवर तर तिचे प्राणच कंठाशी येतील. मी वैतागून म्हटलं, मग तुम्हीच ठरवा. ते म्हणाले, ठरवतो. वर, मोबाइलला काय कळतंय, हेही ऐकवलं.

त्यानंतरच्या गुरुवारी ते सकाळी सातला मंडईत जातो म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले आणि संध्याकाळी पाचला परत आले. पिशवी रिकामी, चेहरा पार ओढलेला. मंडईत गेला होतात की मंडई बांधायला, असं आईने विचारलं. बाबा म्हणाले, मेथी चांगली नव्हती. मग थोडा ताकभात खाऊन गपचूप आडवे झाले. मला काळजी वाटली, पण आमच्या घरात बाबांना तब्येत विचारणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. भोरवरून वरंध घाट. देखाव्याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. नुसते थांबे होते. धरणाचं पाणी दिसू लागलं की डावीकडे मोठा आंबा, गाडी सावलीत लागते. पुढे दोन वळणं सोडून मोकळी जागा, मागून येणाऱ्या गाड्यांना अडचण नाही. शेवटी देवळाजवळची चहाची टपरी, बसायला बाक आहे. घाटाच्या ज्या भागात कुठेच थांबता येत नाही, तो यादीबाहेर. टपरीपर्यंत जायचं आणि तिथूनच परत फिरायचं. हे सगळं एखाद्या मित्राला विचारलं असेल, असं मी धरून चालले.

दिवाळीच्या आधीच्या बुधवारी निघालो. आई पुढे बसली, लिंबू हातात. कात्रजला तिने सवयीने डोळे मिटले, पुन्हा हट्टाने उघडले. दर थांब्याला बाबा गाडी लावायचे, ती उतरून दहा मिनिटं वारा खायची, आणि पुन्हा बसायची. आंब्याखाली तिला मळमळलं. मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं. पण ती चूळ भरून म्हणाली, चला.

टपरीशी पोचलो तेव्हा तिचे डोळे उघडेच होते. टपरीवाल्या मावशींनी चहा ठेवता ठेवता बाबांकडे निरखून पाहिलं.

"काका, आज बरं हाय का? त्या गुरवारी यष्टीतून उतरला तवा तोंड पांढरंफटक पडलं हुतं. सरबत दिलं तवा कुठं जीव आला."

आई सावकाश बाबांकडे वळली. बाबा दरीकडे बघू लागले.

"अहो, तुम्हालाही गाडी लागते?"

"चालवताना नाही लागत," बाबा म्हणाले. "म्हणून तर स्टिअरिंग कधी कुणाच्या हातात दिलं नाही."

आणि चाळीस वर्षं मला हसलात, असं ती म्हणेल याची मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही. लागत होती तर एसटीने एकटे कशाला आलात, एवढंच तिने विचारलं. गाडी कुठे थांबवता येते ते बघायला नको का, म्हणाले. स्वतः चालवत आलो असतो तर वळणांवरून नजर हलली नसती. एसटीत निवांत बघता येईल असं वाटलं होतं, पण निम्मा रस्ता डोळे मिटूनच गेला. ते थांबे कंडक्टरला विचारून लिहून घेतले.

म्हणजे या माणसानेही आजवर एक घाट धड पाहिला नव्हता.

आईने पर्समधून आवळासुपारीची डबी काढली आणि थोडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती निमूटपणे तोंडात टाकली.

परतीला ती पुन्हा पुढेच बसली. पहिल्या वळणावर बाबांची नजर जरा बाहेर वळली, तशी ती म्हणाली, "तुम्ही रस्त्याकडे बघा. बाहेर काय आहे ते मी सांगते."

आणि भोर येईपर्यंत ती सांगत राहिली.