मीटरवर न चढलेले किलोमीटर

अंधेरीच्या बाईंच्या करड्या गाडीला ड्रायव्हर गुणाजी परबाशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. शोरूममधून ती आणली त्याने, चाकाखाली लिंबू ठेवलं त्याने, आणि चौदा वर्षं रोज सकाळी बादली-फडकं घेऊन तिला पुसली तीही त्यानेच. बाई बेंगळुरूला मुलीकडे कायमच्या जायला निघाल्या तेव्हा मीटर होता अडतीस हजारांवर. गाडी विकायची म्हटल्यावर गुणाजीच्या जावयाने, सुबोधने, उडीच मारली.

"बाबा, चौदा वर्षांत अडतीस हजार! लोक दिवा घेऊन शोधतात अशी गाडी. आणि चालवणारे कोण, तर तुम्ही! झकास!"

गुणाजीने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर बाई बसल्या होत्या आणि सांगत होत्या, "गुणाजी होता म्हणून मी निर्धास्त. असा माणूस मिळत नाही हो." गुणाजी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

खरं असं होतं की सहा वर्षांपूर्वी बाईंचे यजमान, डॉक्टरसाहेब, गेले आणि बाईंचं बाहेर पडणंच संपलं. गाडी तळघरात उभी. गुणाजीचा पगार चालू, हात रिकामे. एकदा वाकोल्यातल्या शेजाऱ्याला पहाटे एअरपोर्टला सोडलं. मग त्याच्या भावाला. मग भावाच्या साहेबाला. बाकीच्या ड्रायव्हरांनी युक्ती शिकवली: गिअरबॉक्सजवळची मीटरची पिन काढायची. काटा शून्यावर झोपतो, आकडे जागचे हलत नाहीत. परत आल्यावर पिन लावायची, गाडी पुसायची. काट्याशिवाय गुणाजी नुसत्या इंजिनाच्या आवाजावर वेग ओळखायचा. ऋतिकाचं, म्हणजे लेकीचं, लग्न हॉलमध्ये झालं ते त्याच जोरावर. पण लग्न झालं तरी फेऱ्या काही थांबल्या नाहीत. सवय लागली होती.

आता गाडी सुबोधच्या नावावर होऊन बोरीवलीला त्याच्या सोसायटीत उभी होती, आणि पुढच्या शनिवारी ती कणकवलीला निघणार होती. सुगंधाच्या, गुणाजीच्या बायकोच्या, भाच्याचं लग्न. गाडीत सुबोध, ऋतिका, तीन वर्षांचा मिहिर आणि सुगंधा. सामानामुळे जागा उरत नव्हती, म्हणून गुणाजी मागून एसटीने येणार होता.

त्याचा जीव अडकला होता टायमिंग बेल्टमध्ये. इंजिनाच्या पोटातला रबरी पट्टा. कुरकुरत नाही, वास देत नाही, एक दिवस तुटतो. तुटला की इंजिन जागच्या जागी मरतं, ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग वळत नाही. आणि पुढे घाट. बॉनेटखाली जुन्या गॅरेजवाल्याची पट्टी चिकटवलेली होती, बेल्ट एकतीस हजारांवर बदलला अशी. मीटरप्रमाणे तो बेल्ट सात हजार चाललेला. खरा किती, ते गुणाजीलाही ठाऊक नव्हतं.

घरी सुगंधा म्हणाली, "तुमका काय झाला हा? दोन दिस जेवणात लक्ष नाय."

"तू पण माझ्याबरोबर एसटीन चल."

"कित्याक? लेकीच्या गाडयेत माझो भार जाता काय?"

त्याने ताट बाजूला सारलं. ती भांडी आपटत आत गेली.

गुरुवारी सुबोधने गाडी विशालच्या गॅरेजला नेली. ऑइल बदलायचं, हवा बघायची, एवढंच. ऋतिका मिहिरला घेऊन आली होती. गुणाजी वाकोल्याहून न बोलावता आला.

"बेल्ट बदलून घ्या," तो म्हणाला.

विशालने बॉनेटमध्ये डोकं घातलं. "अंकल, सात हजार पण नाही झाला. वर्षं झालीत, मान्य, पण गाडी तर झोपलेलीच होती ना? गावाहून आल्यावर बघू. आत्ता माझ्याकडे आठ गाड्या लायनीत आहेत."

"आधी बदल रे."

"बाबा, पुस्तिकेत लिहिलंय कितीला बदलायचा ते," सुबोध हसत म्हणाला. त्याने गाडीची पुस्तिका पोथीसारखी वाचून काढली होती. "टेन्शन नका घेऊ. मीटर बघा ना."

"मीटर बरोबर नाही."

सुबोधचं हसू थांबलं. "म्हणजे? कोणी मागे फिरवलाय?"

गुणाजी हाताने बॉनेटची कड पुसू लागला.

"म्हणजे बाईंनी फसवलं आपल्याला! एवढी गोड बोलत होती म्हातारी." त्याने खिशातून फोन काढला. "थांबा, आत्ता विचारतो तिला. अशी सोडणार नाही."

"सुबोध, बाईंना नको." गुणाजीने त्याचा हात धरला. जावयाचा हात त्याने पहिल्यांदाच धरला होता. "त्यांना काय माहीत नाही. मी करायचो. पिन काढून भाडी मारायचो."

विशालने हातातला पाना खाली ठेवला. ऋतिका बापाकडे बघत राहिली. मिहिर तिच्या खांद्यावर झोपला होता.

"किती चालली असेल?" सुबोधने विचारलं. आवाजात राग नव्हता. गुणाजीला तो असता तर बरं वाटलं असतं.

"आकडा नाही सांगता येत. काटा बंदच असायचा. कुठे कुठे गेलो ते सांगतो."

सुबोध एका जुन्या टायरवर बसला आणि फोनवर नकाशा उघडला. "सांगा."

"एअरपोर्ट. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. पाच वर्षं. नाशिक सहा वेळा. पनवेल, अलिबाग लग्नाच्या सीझनला, ते दहा तरी धर. पुणे..." गुणाजी गावं सांगत गेला, सुबोध अंतरं मांडत गेला. विशालने कोणी न सांगता, बेल्टपर्यंत पोचायला, पुढचं चाक खोलायला घेतलं. अडतीस हजारांत पंचवीस मिळवून झाले होते, तरी गुणाजी थांबेना.

"शिर्डी. चार वेळा. शेवटची एप्रिलात, तीन वर्षांमागे."

ऋतिकाने मान वर केली. "एप्रिलात? मिहिर झाला तेव्हा?"

गुणाजीने मान हलवली.

"मी आत होते, आई एकटी बाहेर बाकड्यावर. बाईंना ताप आहे, सोडत नाहीत, असं म्हणाला होतास तू फोनवर."

"बाई बऱ्या होत्या," गुणाजी म्हणाला. "मी सिन्नरला होतो. भाड्याच्या पार्टीला जेवायला थांबवलं होतं."

तिने मिहिरला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. डोळे कोरडेच होते.

"पुढे बोल," ती म्हणाली. "एकही सोडू नकोस."

शिर्डीनंतर पालघर होतं. गुणाजीने ते सांगितलं.