जीपखालचा तांब्या

त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. परक्या माणसाशी बोलायची मला लाज वाटे. तो येरमाळ्याहून आला होता आणि काम करताना सारखी शीळ घालायचा, एवढं आठवतं.

आमच्या वस्तीच्या वाटेवर बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. दवाखान्याची जीप आली की तिचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकायचं आणि चाकं नुसती फिरायची. माझ्या जावेला आठवा महिना लागला होता. वेळेला नर्सबाई घरापर्यंत येणार कशा?

मिस्त्रीनं आमच्या लिंबाखालीच जीपचं पोट वर उचलायला तिच्या स्प्रिंगांच्या कमानींत जादा पाटे घातले, मोठी चाकं बसवली. मी पाणी नेलं, तर त्यानं भरला तांब्या वाटेतल्या उंचवट्यावरच ठेवला.

"पाणी मग पितो, वैनी. आधी हिला वरनं जाऊ द्या."

"अन् चेपला तर? नाव कोरलेला हाय, वैनीच्या माहेरचा," ड्रायव्हर म्हणाला.

"तर म्या तहानलेलाच माघारी जातो. घाल गाडी!"

जीप घुरघुरत निघाली. मिस्त्री मातीत पालथा पडून बघत होता. मीही पदर सावरून वाकले. पुढची चाकं गेली, मागची गेली. तांब्या जागच्या जागी, काठोकाठ भरलेला!

"न्हाय सांडलं! थेंबबी न्हाय सांडला!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की सासूबाई दारात आल्या.

मिस्त्रीनं तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला. "जावेला सांगा वैनी, बाई आता दारात उतरत्याल."

उतरल्याही. बाळंतपणाआधी त्यांच्या हातावर मी त्याच तांब्यानं पाणी घातलं.