नवसाबाई पळाली नाही

नाशिकच्या गंगापूर रोडवर अतिक्रमणाची गाडी आली की सगळ्यात आधी कोण गायब होतं, कुणालाही विचारा. नांदगावकडची नवसाबाई! गाडी कोपऱ्यावर दिसेपर्यंत बाईनं पोत्याची चारही टोकं एकत्र केलेली असत, आणि मेथी-कोथिंबीर डोक्यावर घेऊन ती शेजारच्या बोळात. एकोणीस वर्षांत एकदाही सापडली नाही. त्याचा तोरा केवढा! शेजारी बसणारी रंगूबाई गुडघ्यानं अधू. ती दरवेळी सापडायची, दंड भरायची, पावती पिशवीत कोंबायची. नवसाबाई तिला हसायची.

यंदा महापालिकेनं फेरीवाल्यांची यादी करायला घेतली. ज्याचं नाव यादीत त्याला जागा, बाकीच्यांनी उठायचं. रंगूबाईनं पावत्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि पाच मिनिटांत मोकळी झाली. नवसाबाईकडे काय होतं? रेशनकार्ड गावचं. मतदानही गावचं. ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं की गावाहून जीप येते आणि गावाकडून इथं आलेली सगळी मंडळी तिच्यात कोंबून बसून मत टाकायला जातात. भाड्याच्या खोलीचा तर कागदच नाही.

"मावशी, कागदावर तुम्ही इथं राहतच नाही," कारकून म्हणाला. "तिकडचं नाव कापा, इकडं लावा."

"नाव मेल्यावर कापत्यात, साहेब. म्या मेले का?"

"मग तुम्ही बाहेरच्या."

हा शब्द तिला झोंबला. नवऱ्यामागं बांधकामावर आली तेव्हा तिच्या बोलण्याला लोक हसायचे. ती बोलणं सुधारत बसली नाही, धंदा शिकली. ब्रोकोली, झुकिनी, सगळ्यांची नावं पाठ केली. नवरा गेला, तरी ह्याच फुटपाथवर बसून तिनं लेकीला, छायाला, नर्स केलं. गावात गेली की 'आली नाशिकवाली', इथं 'ती नांदगाववाली'. दोन्ही ऐकून घेतलं. पण आता टेबलामागचा माणूस सांगणार ती कुठली नाही ते?

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे," तो म्हणाला. "त्या जागेवर बसता असा एक तरी सरकारी कागद आणा. नाहीतर समोरच्या सोसायटीचं पत्र."

सोसायटीच्या सेक्रेटरी प्रतिभाताई तिचं रोजचं गिऱ्हाईक.

"दिलं असतं गं नवसाबाई, पण कमिटीचं धोरण आहे. येणाऱ्यांना कुठंतरी लिमिट हवं की नको?"

"तुमचा ल्योक हर्षलदादा कुठं असतो, ताई?"

"कॅनडात. सहा वर्षं टॅक्स भरतोय बिचारा, तरी कायमचं राहू देत नाहीत. काय एकेक नियम काढतात मेले!"

"अन् मतदानाचं नाव?"

"ते इथंच आहे. काढायचं कशाला? घर आहे ना आपलं."

"बघा. त्याला तिथं लिमिट लावलं की तुमचा जीव तुटतो. मला तुम्ही लावलं की ते धोरण! ताई, त्यो इमानानं गेला, म्या यष्टीनं आले. येवढाच फरक हाये."

प्रतिभाताईंनी दार लावून घेतलं. त्या दिवशी मेथीही घेतली नाही.

"पळत होतीस ना लय?" रंगूबाईनं टोमणा मारला. "आता बस बोंबलत. एक पावती असती तर काम झालं असतं."

नवसाबाईनं तिच्या पिशवीतली एक पावती काढून उलटसुलट करून बघितली.

गुरुवारी सकाळी गाडी आली. "आली, आली!" म्हणत सगळे पांगले. नवसाबाई मांडी ठोकून बसली. गाडीवरचा दीपक आठ वर्षं तिच्यामागं धावत होता. तो समोर येऊन थबकलाच.

"मावशी, गाडी दिसली नाही का? पळा की!"

"नाय पळत."

"अहो, माल उचलावा लागेल."

"उचल. म्या एका बाजूनं हात लावते."

दीपकनं इकडं तिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "मी त्या टोकाला जाऊन येतो, तोवर सरका."

"दीपक, आज माझ्यावर दया केलीस तर तुझ्या गाडीपुढं झोपंन! पावतीबुक काढ."

मेथी गेली, ब्रोकोली गेली, ताडपत्रीसुद्धा गेली. तिनं स्वतः चढवली. दीपक लिहू लागला आणि ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. अक्षरं तिला पुरती लागत नव्हती, पण ते दीपकला कुठं ठाऊक!

"ठिकाण नीट टाक. गंगापूर रोड, चौकातल्या लिंबाखाली. तारीख टाक."

"टाकली. राहणार?"

"नाशिक. आन् तालुका नांदगाव."

"एकच लिहायचं असतं, मावशी. इथं एकच ओळ आहे."

"मंग बारीक लिही," नवसाबाई म्हणाली. "पण दोन्ही लिही. आन् सही कर लवकर, कचेरी उघडली असंल."