पूजेबाहेरचा पान्हा

खंडेनवमीला आमच्या हुबळीच्या दुकानात हत्यारांची पूजा असायची. हातोड्या, कानशी, छिन्न्या, पकडी, गिरमिटं, झालंच तर तराजू आणि वजनं, सगळी धुऊन, तेलाचा हात फिरवून, कुंकू लावून झेंडूच्या माळेखाली पाटावर बसत. एकदा बसली की दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवीपर्यंत त्यांना कुणी बोट लावायचं नाही. यात नवल काही नाही, मुलखाची रीतच आहे. नवल असं की माझे सासरे, अप्पा, एक पान्हा पूजेला बसवत नसत. मोटारीच्या चाकाचे नट आवळायचा, हातभर लांबीचा तो पान्हा ते दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवत, दाराची एक फळी काढत आणि त्याच्या शेजारी बसून राहत. आत पुरणपोळीचा वास सुटलेला, आणि अप्पा दिवेलागणीपर्यंत उपाशी.

बाजारात चेष्टा व्हायची. समोरचे भांडीवाले दरवर्षी विचारत, "काय अप्पा, त्या पान्ह्यानं काय पाप केलंय?"

"पान्ह्यानं काही नाही केलं," अप्पा म्हणत आणि रस्त्याकडं बघत बसत.

मी मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा मला सांडशी आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. घर दुकानाच्या मागंच, मध्ये एक दार. सुनेनं दुकानात डोकावलेलं सासूबाईंना आवडायचं नाही. पण अप्पांची नजर अधू झाली होती आणि कानशीचे बारीक दात बघायला त्यांना तरणे डोळे लागत. "ये ग पोरी, एवढं बघ," अशी हाक आली की मी पिठाचे हात पुसत जायची. सासूबाई मागून म्हणायच्या, "जा, जा. उद्या कानशीनं वांगी चीर."

अप्पांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "दाताला पैसा घालावा, वजनाला घालू नये." कानस, करवत, छिन्नी, पान्ह्याचा जबडा, ही दाताची हत्यारं. तिथं चांगलं पोलाद हवं, मग चार आणे जास्त पडोत. हातोडी, पहार, ऐरण यांचं काम नुसतं वजनाचं. ती गावच्या लोहारानं केलेली घ्यावीत आणि वाचलेल्या पैशात एक बरी कानस घ्यावी. गिऱ्हाइकानं विलायती शिक्क्याची हातोडी मागितली की ते म्हणत, "शिक्का कशाला? खिळ्याला वाचता येतं होय?"

त्या काळी हुबळी-धारवाडात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मोटारी होत्या, आणि ज्यांच्याकडं होत्या त्यांतल्या काहींना ती घरच्या घरी उघडून बसायचा नाद होता. असा एक कापसाचा व्यापारी एकदा आला. त्याला लाकडी पेटीतला, आरशासारखा चकाकणारा हत्यारांचा अख्खा संच हवा होता. अप्पांनी त्याची मोटार कोणती, तो तिचं काय काय उघडतो, ते विचारून घेतलं आणि पेटीला हात न लावता वेगवेगळ्या खणांतून मोजकी हत्यारं काढून दिली. एकेक पान्हा नटावर बसवून हलवून दाखवला. "खुळखुळला तर आईनं दिला तरी घेऊ नका," असंही सांगितलं. चाकात हवा भरायचा पंप देताना त्याच्या तोंडावर अंगठा दाबून धरायला लावला. आतली हवा अंगठा उडवून देते तो पंप चांगला, बाजूनं फुसफुसतो तो नुसता दिखाऊ. व्यापारी खूश होऊन गेला, पण आमचे हे चिडले. महाग संच विकायचा सोडून बापानं किरकोळ विक्री केली होती. अप्पा म्हणाले, "संच घेतला असता तर तो एकदा आला असता. आता दर महिन्याला येईल, गप्पा मारायला का होईना." तो खरंच यायचा, आणि गप्पाच मारायचा.

असा हा माणूस. त्यानं कुणाला वाईट हत्यार दिल्याचं मी पाहिलं नाही. पण एकदा एकाला चांगलं दिलं नाही, आणि त्यातून पुढचं सगळं झालं.

बसप्पा अळणावरजवळच्या एका खेड्यातला, शेतमजुराचा मुलगा. हुबळीहून अळणावरला जाणारी सर्व्हिस मोटार तो चालवायचा. मोटार मालकाची, त्यातली हत्यारंही मालकाची, आणि मालक असा की झिजून गोल झाल्याशिवाय काही बदलायचा नाही. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या खंडेनवमीला, दुपारी, बसप्पा दुकानाच्या दारात आला. अप्पा अंघोळ करून, धुवट धोतर नेसून, पूजा आटोपून नुकतेच उठले होते.

"अप्पा, चाकाचे नट सैल झालेत री," तो म्हणाला. "मालकाच्या पान्ह्याचा जबडा फाकलाय. गाडीत माणसं बसलीत सणाला घरी जायला. एक पान्हा द्या की."

अप्पांनी पाटाकडं पाहिलं. मग वर माळ्याकडं पाहिलं. मी आतल्या दारात उभी होते. पानं वाढून झाली होती, पोळ्या गार होत होत्या. मी हाक मारली, "अप्पा, पान वाढलंय."

"आज कसं देऊ बसप्पा?" अप्पा म्हणाले. "पूजा झाली. उद्या सकाळी ये."

"आयतु री, बरं," म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटत घरोघर फिरत होते. "बन्नी तोगोंड बंगारधांग इरोणु," बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू, असं म्हणून एकानं अप्पांच्या हातावर पानं ठेवली आणि त्याच दमात बातमी सांगितली. बसप्पानं त्या फाकलेल्या पान्ह्यानंच नट आवळायला घेतले. सगळं अंग टाकून जोर लावला, पान्हा सटकला आणि मडगार्डच्या पत्र्यावर उजवा तळहात फाटला. आतल्या शिरा तुटल्या होत्या. अप्पांच्या हातातली पानं तशीच राहिली. त्या दिवशी त्यांनी पुढं कुणाला बन्नी दिली नाही.

जखम भरली, पण बोटं मिटेनात. ज्याला चाक धरता येत नाही त्याला मोटारीवर कोण ठेवणार? अप्पा रेल्वेनं अळणावरला गेले, तिथून चालत त्याच्या घरी. परत आले ते आणखी वाकून. बसप्पा रागावला नव्हता, तेच त्यांना सोसत नव्हतं. "इरली बिडरी अप्पा, असू दे," तो म्हणाला होता. "आमच्या घरी विळ्याला पूजा होती. कुणी मागितला असता तर मीपण नाहीच म्हटलो असतो." घरात, बाजारात, सगळे हेच म्हणत. अप्पा रीतीनं वागले, त्यांचा काय दोष?

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पहिल्यांदा पान्हा पूजेबाहेर ठेवला. सासूबाईंनी त्रागा केला, मग रडल्या, मग सवयीनं गप्प झाल्या. मी दुपारी ताकाचा पेला घेऊन उंबऱ्याशी गेले आणि म्हटलं, "अप्पा, पूजा झालेलं हत्यार कुणी देतं का? तुम्ही किती दिवस जिवाला लावून घेणार?"

त्यांनी पेला बाजूला ठेवला. "पाटावरचं नाही ग देत कुणी," ते म्हणाले. "पण माळ्यावर पान्ह्यांची नवी पेटी होती. आठवड्यापूर्वी मुंबईहून आलेली. तिला पूजा नव्हती. वर चढायचं, पेटी फोडायची, धोतर मळायचं, पुन्हा अंघोळ. भूक लागली होती पोरी. तू हाक मारलीस आणि माझ्या तोंडी देव आला."

मी तो पेला तसाच उचलून आत आणला.

ही गोष्ट बसप्पाला सांगायची त्यांची छाती होत नव्हती. त्याऐवजी ते त्याच्यासाठी हत्यारं शोधत बसत. एका हातानं काय काय करता येईल याचा त्यांनी ध्यासच घेतला. लोखंड घट्ट धरून ठेवणारा, बाकाला बसवायचा एक जाड व्हाइस त्यांनी निवडला. "हा तुझा दुसरा हात. इथं पैसा घाल, बाकी सगळं गावठी चालेल," असं बसप्पाला सांगितलं. हातानं मारायच्या पंपाऐवजी पायानं दाबायचा पंप आणवला आणि त्याच्या तोंडावर आपला अंगठा पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. ते फुकट द्यायला निघाले तेव्हा बसप्पानं पैसे पुढं केले. "फुकटचं हत्यार हाताला बसत नाही री." त्यानं गावात, घराच्या सोप्यातच, सायकली आणि नांगर दुरुस्त करायला सुरुवात केली. डाव्या हातानं तो बरं काम करू लागला. दुकानात यायचा, बोलायचा, हसायचा. तो गेला की अप्पांचं तोंड कडू झालेलं असायचं.

लढाई सुरू झाली आणि बाजारातून चांगलं पोलाद नाहीसं झालं. त्या उंबऱ्यावरच्या पान्ह्याला लोक दुप्पट पैसे देऊ लागले. "तो नवमीचा आहे, विकायचा नाही," असं अप्पा सांगत. नवमीला मात्र तो मागायला कधीच कुणी आलं नाही. सणाच्या दिवशी हत्यार मागायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते पान्हा पुसून, तेल लावून परत गुंडाळून ठेवत.

त्यांच्या शेवटच्या खंडेनवमीला त्यांना धड बसवत नव्हतं. पाठीशी पोतं लावून ते उंबऱ्यावर बसले. पानं वाढायची वेळ झाली आणि दारात बसप्पा उभा राहिला. केस पांढरे झालेले, उजवा हात सदऱ्याच्या खिशात.

"अप्पा, पान्हा पाहिजे," तो म्हणाला. "आजच पाहिजे."

अप्पांनी दोन्ही हातांनी पान्हा उचलला. पण दिला नाही, मांडीवर धरून ठेवला. "बसप्पा, त्या दिवशी माळ्यावर पेटी होती. पान्ह्यांचीच. तिला पूजा नव्हती."

बसप्पा खाली उंबऱ्यावर बसला. "ठाऊक आहे री," तो म्हणाला. "स्टेशनातनं ती पेटी मीच आणली, मोटारीच्या टपावरनं. माळ्यावर पण मीच चढवली. तुम्ही मिरजेला गेला होता तवा."

अप्पांनी त्याच्या खिशातल्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग बोलला का नाहीस?"

"अक्कांची हाक आली की. पान वाढलंय म्हणाल्या. सणाच्या दिवशी वाढल्या पानावरनं माणसाला कसं उठवायचं?"

मी आतल्या दारातच होते, हातात तुपाची वाटी. त्या दुपारी हाक मारताना मला बसप्पा दिसला होता. त्याचे तेलकट हात, बाहेर थांबलेली मोटार, सगळं दिसलं होतं. पोळ्या गार होतात म्हणून मी जरा चढ्या आवाजातच हाक मारली होती. इतकी वर्षं अप्पा उंबऱ्यावर उपाशी बसले आणि मी आत जेवत आले.

अप्पांनी पान्हा पुढं केला. बसप्पानं तो डाव्या हातात घेऊन जबड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दात चांगले आहेत." मग अप्पांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "पोरी, दोघांना वाढ." दोघं शेजारी शेजारी जेवले. बसप्पा डाव्या हातानं जेवत होता, आणि एरवी अशा गोष्टीवर चार शब्द सुनावणाऱ्या सासूबाईंनी तिकडं पाहिलं नाही. अप्पांनी पोळी मागून घेतली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांचं मन मोकळं झालं. माघात ते गेले.

वर्षभर सण नव्हता. त्याच्या पुढच्या खंडेनवमीला ह्यांनी पाटावर हत्यारं मांडली आणि मी एक नवा पान्हा उंबऱ्यावर नेऊन ठेवला. हे म्हणाले, "आता कशाला? अप्पांचं आणि बसप्पाचं मिटलं की."

"अप्पांचं मिटलं," मी म्हटलं.

स्वयंपाक झाला. मी पानं वाढली, मग दुकानात जाऊन ह्यांच्या शेजारी नुसती उभी राहिले. दारात कुणी आलेलं नाही ना, ते रस्त्याच्या टोकापर्यंत पाहून घेतलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि उठून मुकाट्यानं आत गेले. तेव्हापासून खंडेनवमीला आमच्या घरी जेवायला कुणी हाक मारत नाही. माझ्या सुनेला वाटतं, ही या घरची जुनी रीत आहे.