नारळावर फोडलेलं खापर

गेल्या गुरुवारी परळच्या एका प्रदर्शनात मी अशी काही माती खाल्ली की अजून मान वर करावीशी वाटत नाहीये. लपवून ठेवायचा मोह झाला होता... पण लिहिणं भाग आहे.

मोठमोठ्या प्रदर्शनांत स्टॉलवाल्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत मी काम करते. वायर ओढण्यापासून ते ‘मॅडम, नेट स्लो आहे’पर्यंत सगळं आमच्या गळ्यात. नेट नीट चाललं तर आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो.

या वेळचं प्रदर्शन पॅकिंगच्या मशिनरीचं होतं. पहिल्या दिवशी सकाळी निम्म्या स्टॉल्सवर पूजा असते... मशीनला हार, हळदकुंकू, नारळ. पूजा होईपर्यंत स्टॉलवरचं एकही बटण दाबायचं नाही, अशी रीत. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

तर त्या सकाळी एका बड्या स्टॉलवाल्याने डोकं खाल्लं. त्याला आत्ताच्या आत्ता एक जादा लाइन हवी होती. आमच्या मुख्य बॉक्समध्ये प्रत्येक स्टॉलची वायर येते आणि स्टॉलवर नेट चालू असलं की तिचा दिवा लुकलुकतो. एक दिवा बंद दिसला... म्हटलं, ही वायर कुणी वापरत नाहीये. उपटून बाजूला टाकली, तिच्या जागी बड्या स्टॉलची खोचली आणि मोकळी झाले.

थोड्या वेळाने परबकाकींचा फोन आला, नेट नाही म्हणून. काकी आणि त्यांचे मिस्टर लालबागच्या एका गाळ्यात मसाल्याच्या पुड्या भरायचं छोटं मशीन बनवतात. स्टॉल घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. मशीन चालतं मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून, त्याला नेट लागतंच, आणि हॉलमध्ये मोबाइलची रेंज नावापुरती. त्यात एका मोठ्या मसाला कंपनीची माणसं तेच बघायला येणार होती... ही ऑर्डर मिळाली तर गाळा टिकणार, असं काकी फोनवरच बोलून गेल्या.

मी गेले. बघते तर टेबलावरच्या आमच्या नेटच्या डब्यालाही हळदकुंकू, वर झेंडूचं फूल! शेजारी फोडलेल्या नारळाची भकलं आणि टेबल ओलं. माझं डोकंच सटकलं.

“इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती काकी, देव नाही. गेलं ना पाणी आत? बसा आता आरती करत.”

हे मी चांगलं मोठ्यांदा म्हणाले. आजूबाजूच्या स्टॉलवरची माणसं वळून बघायला लागली, दोघंतिघं हसलीसुद्धा. काकी सांगत होत्या की नारळ बाहेर फोडलाय, टेबल ओल्या फडक्याने पुसलंय... पण ऐकतंय कोण! मी नवीन डबा आणायला निघाले होते.

नवीन डबा लावला. तोही मुका. तेवढ्यात मसाला कंपनीची माणसं आली. काकींचे मिस्टर त्यांना बंद मशीन हातवारे करून समजावत होते... ती माणसं भली, शेवटपर्यंत माना डोलावत राहिली. मग कार्ड घेतलं आणि पुढच्या स्टॉलवर गेली.

तेव्हा कुठे मला वायर तपासायचं सुचलं. काकींच्या टेबलापासून ती हाताने धरत धरत मी मुख्य बॉक्सपर्यंत पोचले. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं... मीच टाकलेलं. दिवा बंद होता, कारण तेव्हा त्यांची पूजा चालू होती.

भायखळ्याच्या चाळीत, बौद्ध घरात वाढले मी. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत. वडलांचा एकच धोशा असायचा, मानायच्या आधी तपास. मी मात्र एक फूल बघितलं आणि तपासायचंच सोडून दिलं. पूजा करणाऱ्या बाईला अक्कल नसणार, हे मी न तपासता मानलं होतं... याची जास्त लाज वाटते.

वायर जोडली. मशीन धडाधड पुड्या भरायला लागलं, पण बघायला समोर कुणी नव्हतं. मी काकींच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले की सॉरी, चूक आमच्याकडून झाली. ‘माझ्याकडून’ नव्हे, ‘आमच्याकडून’... तेवढ्यातही मी स्वतःला वाचवत होते.

काकी चिडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “मघाशी केवढ्यांदा बोललीस गो. आता माझ्या एकटीच्याच कानात कित्याक सांगतंस?”

मग मी मधल्या वाटेत उभी राहून मोठ्यांदा सांगितलं. पण मघाशी हसलेली माणसं तोवर पांगली होती. जे होते ते नुसते बघत राहिले, या बाईला काय झालं म्हणून. मसाला कंपनीच्या साहेबांनाही फोन करून सगळं सांगितलं... ते ‘बघू’ म्हणाले. अजून काही कळवलेलं नाही.

म्हणून ही पोस्ट. त्या सकाळी तिथे हसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर ऐका... डब्यात पाणी गेलंच नव्हतं. परबकाकींचं काहीही चुकलं नव्हतं. लाइन मी तोडली होती.