पांढऱ्यात काय नव्हतं

झेली म्युरिथ आमच्या शेजारी राहायची, आणि तिच्या घरात भूत आहे हे गावात कुणी लपवत नव्हतं. भूत तिच्या मुलाचं, फिर्मांचं. चार वर्षांचा होऊन गेला. मी जन्मायच्या आधीची गोष्ट.

झेली चॉकलेटच्या कारखान्यात पांढऱ्या वड्या गुंडाळायची. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या बायका तिथेच. मोडक्या वड्या घरी न्यायला मिळत, पण ज्या खात्यात काम त्याच खात्याच्या. काळ्याकडच्या बायका काळ्या न्यायच्या, झेली पांढऱ्या. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट ती मिरवायची. गाईच्या दुधावर जगणारा आमचा मुलूख. इथे पांढरं ते चांगलं, यावर वाद नाही. मुकादम सांगायचा, "यात आहे काय? दूध, साखर आणि कोकोचं लोणी. पोरांची हाडं बळकट होतील, अंग भरेल." यात खोटं काहीच नव्हतं. कॅल्शियम आहे, स्निग्ध आहे, अंगाला लागणारं पुष्कळ आहे. फक्त कोकोच्या बीतलं लोणी काढून घेतल्यावर जो काळा चोथा उरतो तो त्यात पडत नाही, आणि बीतलं लोह राहतं त्या चोथ्यात. हे तेव्हा खोऱ्यात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारच्या खाण्याला आम्ही नुसतं 'चारचं' म्हणतो. पावाचा तुकडा आणि त्यावर चॉकलेटची वडी. गल्लीतली पोरं काळी वडी खायची, फिर्मां पांढरी. जेवायलाही त्याला दूध, साय, पुन्हा दूध. मटणाला, डाळीला तो तोंड लावत नसे आणि झेली आग्रह करत नसे. काळ्या वडीसाठी रडायला लागला की ती म्हणायची, "ते मोठ्यांचं. पोरांच्या डोक्याला चढतं." पोर गुबगुबीत आणि पांढरंफटक. बायका गाल ओढून म्हणायच्या, "साय आहे गं नुसती!" तो खिडकीतल्या कुंडीतली माती खायचा. झेली त्याचं तोंड धुवायची आणि हातात आणखी एक पांढरी वडी द्यायची.

हिवाळ्यात ताप आला, छातीत उतरला, आणि त्याच्या अंगात झगडायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "याला काय खायला देत होतात?" झेलीने मोठ्या ठसक्यात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यात बाकी सगळं आहे, लोह तेवढं नाही. ते कमी पडलं की पोरं माती खातात. मटण द्यायचं होतं, डाळ द्यायची होती. निदान काळी वडी तरी." शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले असतील. झेलीच्या काळजात ते रुतून बसलं.

पोराला पुरल्यावर तिने कुंडीतलं झाड उपटून टाकलं आणि माती तशीच ठेवली. रोज कामावर जाताना पावावर काळी वडी ठेवून ती खिडकीत मांडायची, फिर्मांच्या चारच्यासाठी. तिला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा येऊन ती खावी. वर्षं गेली. चिमण्या पाव टोचायच्या, वडी पडून राहायची. मग एका वसंतात ती संध्याकाळी घरी आली तर वडी जागच्या जागी, पण कुंडीतली माती उकरलेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"येतो गं तो," ती कुंपणावरून माझ्या आईला म्हणाली. "येतो, माती खातो आणि जातो. माझ्या हातचं शिवत नाही. रुसलाय माझ्यावर."

"मांजर असेल, झेली."

"मांजराला बोटं असतात?"

आई घरात आली आणि तिने छातीवर क्रुसाची खूण केली. आजीने त्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढला तो ओढलाच. मला बजावलं, तिकडे फिरकायचं नाही.

ती बोटं माझी होती. आईही त्याच पांढऱ्या खात्यात कामाला, म्हणजे मीही त्याच वड्यांवर वाढलेली. आजी दुपारी डुलकी काढायची. भुताची भीती मला फार वाटायची, पण मातीची ओढ त्याहून मोठी होती. ती चव आजही माझ्या जिभेवर येते, पावसात भिजलेल्या लोखंडी फाटकासारखी. काळ्या वडीला मी हात लावत नव्हते. ती डोक्याला चढते, असं आईने मलाही सांगून ठेवलं होतं.

जूनमध्ये कारखान्याचा बॉयलर बिघडला आणि बायकांना लवकर सोडलं. झेली आली तेव्हा मी तिच्या खिडकीशी पाठमोरी उभी होते. केस आखूड कापलेले. "फिर्मां," ती अगदी हळू म्हणाली. मी वळले. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी पुन्हा कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिला नाही, आणि तो माझ्यादेखत विझला. मला अजून त्या चेहऱ्याची भीती वाटते.

ती गुडघ्यांवर बसली. माझं तोंड पुसलं, पापणी खाली ओढली. मग मला कडेवर घेऊन तडक आमच्या घरी आली.

"मार्था, हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने."

"का? काय धाड भरलीय तिला? लोण्याचा गोळा आहे माझी ओदील."

"माझाही लोण्याचा गोळाच होता."

"तुझं दुःख माझ्या पोरीला चिकटवू नकोस हं, झेली!"

"पापणी बघ तिची. बघ ना! आत लाल दिसतंय कुठे? मार्था, माझा येतच नव्हता. कधीच आला नव्हता तो. ही येत होती, माती खायला. माझ्या तोंडाने सांगतेय मी हे, आणखी काय ऐकायचंय तुला?"

आईने माझी पापणी ओढून पाहिली. तिने बूट चढवले.

मला लोहाचं औषध सुरू झालं, त्याने दात काळे पडले, ताटात कलेजी आणि डाळ आली. पानं गळायला लागली तोवर माझ्या गालांवर रंग चढला आणि मातीची आठवणही होईना. आई चीजचा मोठा तुकडा घेऊन झेलीकडे आभार मानायला गेली आणि रडत परत आली. आजीला सांगत होती, मी ऐकलं. झेली म्हणाली होती, "पोर वाचली, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं गं. पण आता माझ्याकडे कोणी येत नाही."

तिने कारखान्यातली कामाची पाळी बदलून घेतली होती. चारला ती घरीच असायची, पडद्याआड. खिडकीत पाव आणि काळी वडी मांडणं काही सुटलं नव्हतं. एका दुपारी आजीचा डोळा लागल्यावर मी तिथे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. मी टाचा उंचावून वडी उचलली तशी ताटली वाजली.

"कोण आलंय?" पडद्यामागून आवाज आला.

मी आले, एवढंच म्हणायचं होतं. पण ती कुणाची वाट बघतेय हे मला माहीत होतं.

"मी आलो," मी म्हणाले.

पडदा तिने बाजूला केला नाही.

"रुसला नाहीस ना रे माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले, आणि तिला ऐकू जाईल अशी कडाकडा चावून ती वडी सगळी खाल्ली.