म्हाताऱ्या सशाची नवी ड्युटी

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे इंजेक्शनताई म्हणतात. वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात गाईंना कृत्रिम रेतन केलं, त्यामुळे "मला कुणी शिकवू नये" हा तिचा कायमचा तोरा. निवृत्तीनंतर तिनं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ससे पाळले. पाच पांढऱ्या माद्या आणि एक पांढरा नर, म्हातारा. पाचही माद्या त्याच्याच पोरी! मग पिल्लं कमजोर निघणारच. मागच्या खेपेला एकही जगलं नाही. भाऊजींना त्या शेडमध्ये टेम्पो लावायचा होता. "आता धडधाकट पिल्लं झाली नाहीत, तर ससे देऊन टाकायचे," त्यांनी बजावलं.

झालं! ताईनं कंबर कसली. पलीकडच्या मास्तरांकडे एक काळाभोर, दणकट नर होता. मास्तर नर द्यायला तयार नव्हते, पण वीर्य घेऊन जा म्हणाले. वीर्य गोळा करायला ताईनं पाइपचा तुकडा घेतला, आत फुगा ताणून बसवला, मध्ये कोमट पाणी भरलं. रेतनासाठी प्लॅस्टिकची बारीक नळी मेणबत्तीवर धरून तिला जरासा बाक दिला. महागडं सामान गेलं खड्ड्यात! वीर्याची कुपी थर्मासमध्ये ठेवून स्कूटरवरून अशी आणली की वाटेत शिंकलीसुद्धा नाही.

गाईसारखाच माज बघून तिनं पाचही माद्यांना रेतन केलं. चौदाव्या दिवशी पोटं चाचपली. पाचही रिकाम्या! माझ्या ताईचा चेहरा एवढासा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. "अहो ताई, गाय आपणहून स्त्रीबीज सोडते. सशाच्या मादीवर नर चढल्याशिवाय बीज सुटतच नाही! नाहीतर हार्मोनचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते इथं मिळत नाही."

"नर चढवला तर पिल्लं त्याच म्हाताऱ्याची होतील ना!"

"त्याची नसबंदी करू की. चढेल, पण पिल्लं त्याची होणार नाहीत."

अगं बाई! मी तर टाळ्याच पिटल्या. म्हाताऱ्याची नसबंदी झाली, अंगातलं उरलंसुरलं वीर्य संपावं म्हणून महिनाभर थांबलो, मास्तरांकडून पुन्हा कुपी आणली, मग एकेका मादीजवळ त्याला सोडलं आणि लगेच मागून ताईची नळी. या वेळी चौदाव्या दिवशी पोटात द्राक्षाएवढ्या गाठी हाताला लागल्या. ताईनं मला कडकडून मिठी मारली.

"नाचू नका," भाऊजी म्हणाले. "नसबंदी फसली असेल तर? म्हाताऱ्याचीच असतील."

ताईचं तोंड उतरलं. पुढचे सतरा दिवस ती धड जेवली नाही. म्हातारा आणि माद्या सगळे पांढरे. सशाची पिल्लं बिनकेसांची जन्मतात, त्यामुळे त्यांची पिल्लं गुलाबीच निघणार. काळ्याची असतील तर कातडीच सांगेल.

एकतिसाव्या दिवशी सकाळी पहिल्या मादीनं पोटावरची लव उपटून खोक्यात अंथरली होती. आत काहीतरी वळवळत होतं. ताईनं मलाच पुढे ढकललं, म्हणून लव मी बाजूला केली. आठ पिल्लं! आठही काळीसावळी, टरटरीत पोटांची!

"अहो, या इकडे! बघा, बघा!" ताई ओरडली आणि ढसाढसा रडायलाच लागली.

भाऊजींनी एकेक पिल्लू मोजलं. दोनदा मोजलं. मग शेडच्या दारात आणून लावलेला टेम्पो मागे घ्यायला गेले.

ताईनं डोळे पुसले आणि कोवळ्या गवताची मूठ म्हाताऱ्याच्या पिंजऱ्यात सारली. "खा बाबा. निवृत्ती विसर, पुढच्या खेपेला पुन्हा ड्युटी आहे."